सामान्य आणि विशेष : संगणकाच्या गाभ्यांतील एक वांटणी

आपल्या घरांत आज निदान तीन-चार तरी संगणक असतील. टेबलावरचा एक आपल्याला दिसतो. खिशांतला मोबाइल, भिंतीवरचा दूरदर्शनसंच आणि इंटरनेटची तार जिच्यांत येऊन संपते ती लहानशी पेटी, हींहि संगणकाचींच भावंडें. पण त्यांना आपण त्या नांवानें ओळखत नाहीं. यांपैकीं पुष्कळांच्या पोटांत एकच आज्ञावली चालते. तिचें नांव लिनक्स. हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणानें ती १९९१ सालीं स्वतःच्या एका यंत्रापुरती लिहावयास घेतली. आज तिच्या मजकुराच्या ओळी तीन कोटींच्या वर गेल्या आहेत, आणि अँड्रॉइडचा म्हणून जो मोबाइल आपण विकत घेतों, त्याच्या आंत तीच असते.

लिनक्स म्हणजे संगणकाचा गाभा. या गाभ्याला कर्नेल हा इंग्रजींतून आलेला शब्दच आपल्याकडे रूढ झाला आहे, तेव्हां मीहि तोच वापरतों. कर्नेलचीं कामें मुख्यतः तीन : स्मरणाची जागा वांटून देणें, वेळ वांटून देणें, आणि यंत्राच्या निरनिराळ्या अवयवांशीं बोलणें. तिसरें काम ज्यांच्याकडे असतें त्या भागांना ड्रायव्हर म्हणतात. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें मोटार हांकणारा गृहस्थ उभा राहतो, आणि उपमा कांहीं वाईट नाहीं. मागें बसणाऱ्यानें ‘दादरला चला’ एवढेंच म्हणावयाचें. गीअर केव्हां बदलावा, ब्रेक किती दाबावा, याची चिंता त्यानें करूं नये. तसेंच, ‘हें पत्र छाप’ किंवा ‘हा फोटो साठव’ असें आपण सांगतों, आणि त्या विशिष्ट यंत्राच्या खोडी ड्रायव्हर सांभाळतो. त्या तीन कोटि ओळींपैकीं निम्म्याहून अधिक ओळी या ड्रायव्हरांच्याच आहेत.

आतां प्रत्येक कंपनीची चिप जर दुसरीहून सर्वस्वीं निराळी असती, तर प्रत्येकीला स्वतंत्र ड्रायव्हर लिहून प्रश्न मिटला असता. सगळ्या चिपा हुबेहूब सारख्या असत्या, तरीहि मिटला असता. एकच ड्रायव्हर पुरला असता. खरी अडचण अशी कीं, या चिपा एकमेकींच्या बहिणी असतात. नाकडोळे तेच, पण स्वभाव वेगळा. एकीला उठवण्याआधीं तिचें घड्याळ चालू करावें लागतें, दुसरीला वीज थोडी उशिरां द्यावी लागते, तिसरीच्या एका खान्यांत कारखान्यांतच झालेली चूक असते आणि ती टाळून जावें लागतें. बाकीचें सारें काम एका पुस्तकांत लिहून ठेवल्यासारखें सारखें. मग जें सारखें आहे तें कोठें ठेवावें, आणि जें वेगळें आहे तें कोठें ठेवावें?

अगदीं पहिला उपाय कोणालाहि सुचतो : एका चिपेचा चालता ड्रायव्हर घ्यावा, त्याची नक्कल करावी, आणि नकलेंत चार ओळी बदलाव्या. दोन तासांत काम होतें. परंतु पुढें मूळ प्रतींत एखादा दोष सांपडतो, कोणी तरी तो दुरुस्त करतो, आणि नकलेंत तो तसाच झोपून राहतो. दोष जर असा असेल कीं त्याच्या आधारानें परक्या माणसाला आपल्या यंत्रांत शिरतां येईल, तर ज्या घरीं नकलेवर चालणारें यंत्र आहे त्या घराचें दार उघडेंच राहतें. आणि दुरुस्ती झाल्याची बातमी मात्र सगळीकडे पसरलेली असते. दुसरा उपाय म्हणजे एकच ड्रायव्हर ठेवून त्यांत जागोजाग ‘जर ही चिप असेल तर’ अशीं कलमें घालणें. पहिलीं दोन-तीन कलमें निरुपद्रवी वाटतात. वीस झालीं म्हणजे त्या ड्रायव्हरला हात लावावयास कोणी धजत नाहीं, कारण आपण एका चिपेसाठीं केलेला बदल उरलेल्या एकोणिसांपैकीं कोणाला बाधेल हें सांगतां येत नाहीं, आणि त्या साऱ्या चिपा कोणा एकाच्या टेबलावर तपासण्यासाठीं मांडलेल्याहि नसतात.

हें सारें हवेंतलें बोलणें वाटूं नये म्हणून एका खऱ्या ड्रायव्हरची हकीगत सांगतों.

यूएसबी ही जोडणी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिची दुसरी आवृत्ति २००० सालीं निघाली, आणि पूर्वीं जेथें सेकंदाला १ कोटि २० लक्ष अंश जात तेथें ४८ कोटि अंश जाऊं लागले. पहिल्या आवृत्तीच्या काळीं संगणकाच्या बाजूच्या नियंत्रकाचे दोन पंथ होते, एक इंटेलचा आणि एक कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट व नॅशनल सेमिकंडक्टर यांचा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेगासाठीं मात्र सर्वांनीं एकच आराखडा मान्य केला. त्याला ईएचसीआय म्हणतात. त्याचा लिनक्समधील ड्रायव्हर डेव्हिड ब्राउनेल यांनीं या शतकाच्या आरंभीं लिहिला. त्या वेळीं हे नियंत्रक बहुतेक टेबलावरच्या संगणकांतच असत, आणि तेथें ते पीसीआय नांवाच्या एकाच पद्धतीच्या खोबणींत बसवलेले असत. सामान्य आणि विशेष असा भेद करण्याची निकड तेव्हां फारशी नव्हती.

पुढें हेच नियंत्रक लहान यंत्रांच्या चिपांत जाऊन बसूं लागले. मोबाइल, इंटरनेटच्या पेट्या, मोटारींतील यंत्रें, खेळाचे संच, सगळीकडे ईएचसीआय. पण प्रत्येक ठिकाणीं त्याच्या भोंवतालची मांडणी निराळी. तेव्हां ड्रायव्हरची रचना अशी झाली : मुख्य मजकूर एका फाइलींत, आणि तिच्या शेवटाकडे एक लांबलचक यादी. अमुक चिपेसाठीं कर्नेल तयार करावयाचा असेल तर ही फाइल येथें आणून चिकटवा, तमुकसाठीं ती चिकटवा. चिकटवलेला तुकडा आपली ओळख एका ठराविक नांवानें देई, आणि मुख्य ड्रायव्हर त्या नांवाला हांक मारून त्याची नोंद करी. २०१२ पर्यंत अशा तुकड्यांची संख्या वीसाच्या वर गेली होती.

रचना ओबडधोबड होती, पण चालत होती. कां चालत होती हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रत्येक मोबाइलसाठीं, प्रत्येक पेटीसाठीं वेगळा कर्नेल बांधण्याची तेव्हां चालच होती. म्हणून एका कर्नेलमध्यें एकच तुकडा चिकटवला जाई, आणि त्या एका ठराविक नांवाला एकच धनी असे.

ही चाल मोडली ती एआरएम जातीच्या चिपांमुळें. त्यांचे प्रकार इतके वाढले, आणि प्रत्येकाची अशी स्वतंत्र चूल कर्नेलमध्यें इतका धूर करूं लागली, कीं २०११ सालीं खुद्द टोरवाल्ड्स यांनीं याबद्दल उघड आणि कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्यानंतर हळूहळू असें ठरत गेलें कीं, यंत्रांत कोणते अवयव कोठें आहेत याचें वर्णन कर्नेलच्या मजकुरांत न ठेवतां एका वेगळ्या तक्त्यांत लिहावें, आणि कर्नेल एकच असावा. यंत्र सुरू होतांना तो तक्ता वाचील आणि आपण कोठें आहों तें समजून घेईल. डिसेंबर २०१२ मध्यें निघालेल्या ३.७ या आवृत्तींत अशा एकाच कर्नेलनें अनेक एआरएम यंत्रें चालवण्याची सोय झाली.

आतां पाहा. एकाच कर्नेलमध्यें दोन चिपांचे तुकडे हवेत, आणि ईएचसीआयच्या ड्रायव्हरमध्यें तर नांव एकच! दुसरा तुकडा चिकटवला कीं पहिल्याचें नांव पुसलें जाई. पहिल्या चिपेचें यंत्र सुरू तर होई, पण त्याच्या यूएसबीची खोबण मुकी राही.

ॲलन स्टर्न हे यूएसबीच्या या भागाची देखभाल करीत. त्यांनीं २०१२ च्या अखेरीस सगळी मांडणी उलटी केली. पूर्वीं सामान्य ड्रायव्हर हा धनी आणि चिपेचा तुकडा त्याच्या पोटांतला आश्रित, असा प्रकार होता. आतां चिपेचा ड्रायव्हर स्वतंत्र झाला. त्याचें नांव त्याचें, नोंदणी त्याची. आणि सामान्य भाग कोणाचाहि धनी न राहतां एक लायब्ररी झाला, म्हणजे ज्याला लागेल त्यानें येऊन उपयोगांत आणावें असें कपाट. फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तींत पीसीआयचा भाग असा वेगळा निघाला, आणि पुढें त्या वर्षांत एआरएमच्या चिपांचे तुकडे एकेक करून बाहेर आले.

ही उलटापालट नेमकी काय आहे, हें लग्नघराच्या उदाहरणानें सांगतां येईल. एक पद्धत अशी कीं, सगळें लग्न एका कंत्राटदाराकडे सोंपवावें. क्रम त्याचा ठरलेला. मधूनमधून तो यजमानाला विचारतो, ‘तुमच्याकडे सीमांतपूजनाला कांहीं वेगळें आहे का? रुखवताला?’ ज्या ठिकाणीं त्यानें विचारावयाचें योजलें आहे, तेथेंच यजमानाला बोलतां येतें. एखाद्या घराण्याचा कुलाचार भलत्याच क्षणीं येत असेल, तर कंत्राटदाराच्या वहींत नवा प्रश्न घालावा लागतो, आणि तो प्रश्न मग प्रत्येक लग्नांत विचारला जातो. दुसरी पद्धत जुनी. क्रम यजमानाचा, त्याला हवें तेव्हां तो उपाध्यायांना बोलावतो, हवें तेव्हां आचाऱ्याला. उपाध्यायांना आपला विधि पक्का येत असतो, पण पुढें काय करावयाचें याची मुखत्यारी त्यांच्याकडे नसते. कर्नेलच्या जगांत पहिल्या पद्धतीला ‘मधल्या थराची चूक’ असें नांव पडलें आहे. नील ब्राउन या कर्नेल लिहिणाऱ्यानें २००९ सालीं एका लेखांत तिचा ऊहापोह करून लायब्ररीच्या पद्धतीचा पुरस्कार केला होता. माझ्या मतें ईएचसीआयचा इतिहास हा त्याच्या बाजूचा उत्तम पुरावा आहे.

मौज आहे ती या बदलाच्या बारकाव्यांत. सामान्य भागापाशीं एक तक्ता असतो. एका बाजूला कामांचीं नांवें : नियंत्रक सुरू कर, थांबव, हा मजकूर पाठवावयाच्या रांगेंत लाव, झोपी जा, जागा हो. दुसऱ्या बाजूला तें काम कोण करतो त्याचा पत्ता. नव्या व्यवस्थेंत चिपेचा ड्रायव्हर प्रथम या तक्त्याची स्वतःसाठीं एक प्रत मागून घेतो, आणि तीतील एखाद-दुसरा पत्ता खोडून तेथें आपला घालतो. प्रत प्रत्येकाची वेगळी असल्यामुळें एकाच्या खाडाखोडीनें दुसऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. बदलतां येण्याजोग्या जागा स्टर्न यांनीं अगदीं मोजक्या ठेवल्या. मुख्य म्हणजे सुरुवातीची सिद्धता करण्याचें काम. चिपांचें वेगळेपण बहुतेक तेथेंच असतें. चिपेचा ड्रायव्हर त्या कामाच्या जागीं आपला विधि लावतो. आधीं आपलें विशेष असेल तें करतो, अमुक खान्यांत अमुक आंकडा लिहितो. आणि मग, आपण होऊन, सामान्य सिद्धतेचा विधि बोलावतो. कोणी विचारलें नाहीं, कोणी वाट पाहिली नाहीं.

आणखी एक सोय आहे. प्रत्येक नियंत्रकाची माहिती ठेवावयास कर्नेल एक वहीच जणूं उघडतो. चिपेच्या ड्रायव्हरनें आरंभींच सांगून ठेवावयाचें कीं मला वहीच्या शेवटीं इतकीं पानें अधिक हवींत. तीं त्याला मिळतात. त्यांवर तो काय लिहितो तें सामान्य भाग कधींहि वाचीत नाहीं, वाचूं शकतहि नाहीं. त्या पानांचा आकार त्याला ठाऊक असतो, अर्थ नाहीं. मला स्वतःला या सगळ्या रचनेंत ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

तरी सगळेंच वेगळेपण असें बाहेर काढतां येत नाहीं. संख्या लिहिण्याचा क्रमच घ्या. मराठींत आपण ‘पंचवीस’ म्हणतों तेव्हां पांच आधीं बोलतों आणि वीस मागून. लिहितांना मात्र दोनाचा आंकडा आधीं. यंत्रांतहि असे दोन पंथ आहेत : मोठ्या संख्येचे तुकडे करतांना कोणी लहान टोंक आधीं ठेवतो, कोणी मोठें. कांहीं ईएचसीआय नियंत्रक मोठें टोंक आधीं ठेवणारे आहेत. आतां हा फरक सुरुवातीच्या विधीपुरता नाहीं. नियंत्रकाचा एकेक खाना वाचतांना तो आडवा येतो, आणि ते वाचन तर सामान्य भागाच्या अंतःकरणांत चाललेलें असतें. तेथें ‘जर-तर’ ला गत्यंतर नाहीं. म्हणून सामान्य भागांत एक खूण ठेवली आहे : ‘याचें मोठें टोंक आधीं’. खुणेचें नांव चिपेचें नसून संवयीचें आहे, हें पाहण्यासारखें आहे. उद्यां दुसऱ्या कोणाची चिप त्याच संवयीची निघाली, तर तिनें तीच खूण लावावी. सामान्य भागांत एक अक्षरहि बदलावें लागत नाहीं. शिवाय ज्या कर्नेलमध्यें अशी एकहि चिप यावयाची नाहीं, त्याच्या बांधणीच्या वेळीं तो प्रश्नच मजकुरांतून गळून पडेल अशी तजवीज केली आहे. टेबलावरच्या आपल्या संगणकाला त्याची झीज सोसावी लागत नाहीं. याच ड्रायव्हरमध्यें कंपनीच्या नांवानें ठेवलेल्याहि एक-दोन खुणा आहेत. त्या मला तितक्या आवडत नाहींत. पण दोष एकाच घरचा असेल तर नांव तरी दुसऱ्या कोणाचें द्यावें!

यूएसबीचीच गोष्ट अशी झाली असें नाहीं. संगणकाच्या साठवणीच्या तबकड्यांसाठीं एएचसीआय नांवाचा आराखडा आहे. त्याच्या ड्रायव्हरमधून २०१० सालीं खोबणीवर अवलंबून नसलेला भाग काढून लायब्ररी केली गेली. २०१४ सालीं त्यावर एक मधला मजला चढला : चिपांमध्यें बसवलेल्या नियंत्रकांना घड्याळ देणें, वीज देणें हीं कामेंहि सर्वांचीं सारखींच दिसूं लागलीं, म्हणून त्यांची दुसरी लहान लायब्ररी झाली. त्यामुळें एकेका चिपेचा स्वतःचा असा ड्रायव्हर फार थोड्या मजकुराचा उरला. ईएचसीआयकडे तर ज्या यंत्रांत घड्याळ आणि वीज यांपलीकडे कांहींच विशेष नाहीं, त्यांना स्वतंत्र ड्रायव्हरच लागत नाहीं. तक्त्यांत ‘हा सामान्य ईएचसीआय आहे’ असें लिहिलें कीं झालें.

परंतु सामायिक करणें हेंच नेहमीं बरें, असें मात्र समजूं नये. इंटेलच्या नेटवर्क-कार्डांचा ई-१००० नांवाचा एक ड्रायव्हर होता. जुन्या आणि नव्या कितीतरी चिपा तो एकटा सांभाळी. नव्या चिपा नव्या जातीच्या खोबणींतल्या, त्यांचे गुण निराळे. आणि त्यांच्यासाठीं केलेला प्रत्येक बदल दहा वर्षांच्या जुन्या कार्डाला बाधणार तर नाहीं ना, ही धास्ती कायमची. अखेर जानेवारी २००८ मधील आवृत्तींत नव्या चिपांना ई-१०००-ई हा वेगळा ड्रायव्हर करून दिला. कांहीं मजकूर दोन्हीकडे सारखा राहिला. राहूं द्या. जुना ड्रायव्हर शांतपणें जुनीं कार्डें चालवूं लागला, आणि नव्याला मोकळीक मिळाली. सामायिक भाग काढण्याआधीं, दोन चिपा आज सारख्या दिसतात एवढेंच पाहून भागत नाहीं. त्या पुढेंहि बरोबर चालतील कीं नाहीं हें पाहावें लागतें. आराखडा जेथें छापून प्रसिद्ध झालेला असतो आणि सर्वांनीं मान्य केलेला असतो, तेथें तशी खात्री देतां येते. ईएचसीआयला ती होती, एएचसीआयलाहि होती. केवळ एका कारखान्यांतून निघाल्या म्हणून बहिणी ठरलेल्या चिपांना ती नसते.

आतां आपल्या खिशांतील मोबाइलकडे वळूं. लिनक्सच्या मूळ मजकुरांत जे ड्रायव्हर आहेत, त्यांना एक मोठा लाभ मिळतो. लायब्ररी सांभाळणाऱ्याला तिच्या तक्त्यांत सुधारणा करावीशी वाटली, तर तिचा उपयोग करणारे सगळे ड्रायव्हर त्याच्या समोर असतात. तो सुधारणा करतो आणि त्या सर्वांतहि योग्य तो फेर करतो. म्हणूनच आंतील तक्ते कायम तसेच राहतील असें वचन कर्नेल लिहिणारे देत नाहींत, आणि तसें जाहीरहि करतात. हें त्यांच्या दृष्टीनें रास्त आहे. पण मोबाइलच्या चिपा बनवणारा कारखाना पुष्कळदां कर्नेलची एक प्रत घेऊन तींत आपले ड्रायव्हर घालतो. मोबाइल बनवणारा त्या प्रतीची प्रत घेऊन आपले घालतो. हे ड्रायव्हर मूळ मजकुरांत नसतात. तिकडे तक्ता बदलला कीं इकडचे जुळेनासे होतात, आणि जुळवून देण्यांत विकलेल्या मालाच्या मागें कोण वेळ घालवणार? मोबाइलची कांच शाबूत, बॅटरी शाबूत, आणि आंतला गाभा मात्र विकत घेतला त्या दिवशींचा, असें कां होतें याचें एक मोठें कारण हें आहे. त्यावर आपण बँकेचे व्यवहार करतों.

गूगलनें यावर जो उपाय काढला तो आजच्या विषयाचाच एक मोठा अवतार म्हणतां येईल. ५.१० किंवा त्यानंतरचा कर्नेल घेऊन अँड्रॉइड १२ सह नव्यानें बाजारांत येणाऱ्या मोबाइलांना त्यांनीं अशी अट घातली कीं, गाभा सर्वांचा एकच, गूगलनें बांधून दिलेला. आणि चिपेचें किंवा कंपनीचें जें विशेष असेल तें बाहेरून जोडावयाच्या स्वतंत्र भागांत. गाभ्यांतील कोणकोणतीं कामें या भागांना बोलावतां येतील याची एक यादी केली आहे, आणि तेवढी यादी त्या शाखेपुरती न बदलण्याचें वचन दिलें आहे. सुरक्षिततेची दुरुस्ती आली कीं गाभा बदलावा, बाहेरचे भाग तसेच राहतील. वचनाची मुदत मात्र त्या शाखेइतकीच. ५.१० शीं जुळलेला ड्रायव्हर ५.१५ शीं आपोआप जुळत नाहीं. तेथें कोणाला तरी पुन्हां बसून तो जुळवून घ्यावा लागतो.